दुप्पट बॅटरी म्हणजे दुप्पट उड्डाण नव्हे

इलेक्ट्रिक रेडिओ-नियंत्रित विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींत एक सल्ला सर्रास फिरतो: विमान हवेत जास्त वेळ ठेवायचे असेल तर दुप्पट एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठ्याचे माप) बॅटरी लावा, उड्डाण दुप्पट होईल, बॅटरी जास्त ‘सी’ची (प्रवाह देण्याच्या क्षमतेचा आकडा) घ्या, प्रॉप (मोटरवर फिरणारा प्रोपेलर) एक माप मोठा बसवा, विमान जमेल तितके हळू उडवा आणि व्होल्टेज फार उतरल्यावर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) मोटरचा वीजपुरवठा तोडेपर्यंत उतरू नका. यांतले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि शेवटचे तर बॅटरीच्या मुळावर येणारे आहे.

पहिला मुद्दा सर्वांत मोठा. विमान त्याच बेताने उडवले तर समतल उड्डाणाला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते. बॅटरीशिवाय ९१० ग्रॅमचे फोमचे ट्रेनर विमान आणि त्यात १९० ग्रॅमची २२०० एमएएच, तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, असे ११०० ग्रॅम धरू. तशीच दुसरी बॅटरी जोडल्यावर वजन १२९० ग्रॅम होते, शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी जास्त लागते, आणि उड्डाण दुप्पट न होता जेमतेम १.६ पट होते. चार बॅटऱ्या लादल्या तरी सव्वादोन पटीपर्यंतही मजल जात नाही. बॅटरीचे वजन उरलेल्या विमानाच्या दुप्पट झाले की त्यापुढे लादलेला प्रत्येक ग्रॅम उड्डाणाचा वेळ कमीच करतो; अर्थात त्याच्या कितीतरी आधी हाताने विमान फेकणे कठीण होते आणि उतरण्याचा वेग धडकी भरवू लागतो. २००३ साली मेनार्ड हिल यांच्या चमूचे मॉडेल विमान सुमारे ३९ तासांत न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पोहोचले, पण ते इंधनावर चालणारे होते आणि वाटेत हलके होत गेले. आपली बॅटरी रिकामी झाली तरी तितकीच जड राहते.

म्हणून पाहायचे ते एमएएच नव्हे, तर दर ग्रॅममागची ऊर्जा. वरच्या लिपोत साधारण २४ वॉट-तास असतात. ५००० एमएएचच्या तीन ‘२१७००’ मापाच्या लिथियम-आयन सेलांचा संच वजनाने तिच्याहून थोडाच जास्त असतो, पण त्यात ५० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा मावते. फक्त हे सेल जास्त प्रवाह सोसत नाहीत, तेव्हा शांतपणे उडणाऱ्या विमानालाच ते शोभतात.

‘सी’बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो आकडा बॅटरी किती प्रवाह देऊ शकते हे सांगतो, तिच्यात किती साठा आहे हे नव्हे. २५ सीची २२०० एमएएचची बॅटरी कागदावर ५५ अँपिअर देते आणि असले विमान पूर्ण थ्रॉटललाही (मोटर पूर्ण जोरात असतानाही) साधारण त्याच्या निम्मेच मागते. त्याहून जास्त ‘सी’ घेतल्यास बहुधा वजनच वाढते.

मोठा आणि सावकाश फिरणारा प्रॉप अधिक कार्यक्षम असतो, हे खरे. पण त्याला कमी केव्हीची (दर व्होल्टमागे कमी फेऱ्या घेणारी) मोटर लागते. त्याच मोटरवर १०×५ (इंचांत व्यास × एका फेरीतली पुढची चाल) काढून ११×५.५ बसवला, तर तेवढ्याच फेऱ्यांना सुमारे ६० टक्के जास्त शक्ती लागते. थ्रॉटल कमीच ठेवू, असे म्हणणारा एकदा तरी थ्रॉटलची काठी पुढे ढकलतोच, आणि मोटर किंवा ईएससी तेव्हाच जळते. वॉटमीटर (मोटर किती शक्ती घेते ते दाखवणारे उपकरण) लावल्याशिवाय प्रॉप बदलू नये.

शक्य तितके हळू उडवणेही चुकीचे, कारण सर्वांत कमी शक्ती लागणाऱ्या वेगाच्या खाली गेल्यास हवेशी पंखांचा कोन वाढतो आणि हवेचा अवरोध पुन्हा चढतो. याहून जास्त ऊर्जा वळणांत जाते. ४५ अंश कललेल्या वळणात विमानाला जणू १.४ पट वजन उचलावे लागते, म्हणजे शक्ती सुमारे १.७ पट. लहान मैदानावर सतत घट्ट वळणे घेणाऱ्याने बॅटरीला दोष देऊ नये.

राहिला ईएससी वीजपुरवठा तोडेपर्यंत उडवण्याचा सल्ला. लिपोचा व्होल्टेज शेवटी झपाट्याने कोसळतो, त्यामुळे त्या टप्प्यात हाती लागतात ती मोजकी मिनिटे. त्यांच्यापायी माझी एक बॅटरी फुगली आहे. क्षमतेच्या ८० टक्क्यांवर थांबावे; उतरल्यावर भार नसताना सेलमागे ३.७ व्होल्टच्या आसपास दिसले की ठीक. आठ मिनिटे उडवल्यावर चार्जरने १३२० एमएएच परत भरले, तर खर्च मिनिटाला १६५ एमएएच झाला. २२०० च्या बॅटरीतले वापरण्याजोगे १७६० एमएएच साडेदहा मिनिटे पुरतात, म्हणून ट्रान्समीटरचा टायमर नऊ मिनिटांवर लावावा, कारण पहिला उतरण्याचा प्रयत्न हुकला तर दुसऱ्या फेरीला शक्ती शिल्लक हवी.