पेटीवाल्याचं न दाबलेलं बोट

नमस्कार,

मिरजेच्या उरुसातल्या संगीत सभेवर मी लिहिलेला लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पेटी (हार्मोनियम) हे परकं आणि मुळातच बेसूर वाद्य, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, तिचं एवढं कौतुक कशाला? सगळं गाणं मोबाईलवर मिळत असताना रात्र जागून जाजमावर बसणं ही नुसती हौस. आणि नव्या गाण्यांच्या मागे धावणाऱ्याने रागसंगीतावर बोलू नये. तिन्ही गोष्टी मनाला लागल्या, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पेटीबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. ती बाहेरून आली. मींडेची तिला सोय नाही. शुद्ध गंधार (ग) नैसर्गिक लावला तर षड्जापासून (सा) ३८६ सेंटवर येतो (पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर १०० सेंट), साध्या पेटीवर तो ४०० वर असतो. तानपुरा चांगला जुळला की त्यातून आपोआप गंधार उमटतो, त्याच्या शेजारी पेटीचा गंधार चढा लागतो. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली ती असल्याच आक्षेपांवरून. रवींद्रनाथांनाही पेटी नको होती. १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. तेव्हा तुमच्या बाजूला मोठी माणसं आहेत, हे मी मनापासून मान्य करतो.

पण हे दुखणं पेटीवर प्रेम करणाऱ्यांना कळलंच नाही, असं समजू नका. आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक लिहिलं. श्रुती मोजण्याच्या त्या कामात त्यांच्यासोबत गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवल आणि इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्या श्रुती देणारी पेटीही करवून घेतली. आजच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली आहे. म्हणजे तुमचा आक्षेप या वाद्याच्या माणसांनी शंभर वर्षांहून जास्त काळ उराशी धरलेला आहे.

माझ्यापुरतं सांगतो. मी काळी एकमध्ये वाजवतो, म्हणजे पहिली काळी पट्टी माझा सा, तेव्हा माझा गंधार म्हणजे चौथी पांढरी पट्टी, पांढरी चार. तो उतरवून घ्यायला एकदा पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी वरची फळी काढली, पितळेचा तो सूर, म्हणजे त्या पट्टीची रीड, उचलला आणि तिच्या पातळ जिभेच्या मुळाशी पात्याने दोन हलके ओरखडे दिले. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मग सूर परत बसवून भाता दिला. तानपुऱ्याशी पेटीचा सूर भरभर हेलकावत होता. पुन्हा काढला, पुन्हा घासला. हेलकावे लांबत गेले, आणि चौथ्या खेपेला थांबलेच. दोन सूर एकमेकांत मिसळून गेले. काकांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला होता. इतकी वर्षं मी चढा गंधार ऐकत होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं! आता तीच पांढरी चार दुसरा सा धरला की तितकी चालत नाही, ही त्याची किंमत. मी ती आनंदाने देतो.

आता रात्र जागण्याबद्दल. मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली ही सभा भरते, त्याच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत. तिकीट नाही. त्या रात्री दरबारी राग चालला होता. दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही, तो झुलतो, आणि त्याची जागा पेटीच्या पट्टीवर नाहीच. गायक त्या गंधाराकडे निघाला. पेटीवाल्याची तर्जनी कोमल गंधाराच्या पट्टीला टेकली आणि तशीच राहिली. त्याने ती दाबली नाही. डाव्या हाताचा भाता जवळजवळ थांबला, ऋषभाचा (रे) बारीक धागा तेवढा राहिला. गायक गंधारावर झुलला, मध्यमाला शिवला आणि ऋषभावर उतरला, तर तो ऋषभ तिथे आधीपासून त्याची वाट बघत होता.

रेकॉर्डिंगमध्ये न वाजलेला सूर कसा ऐकू येणार? आणि मी स्वतः पेटी घेऊन बसत नसतो, तर ते बोट समोर असूनही मला दिसलं नसतं. दरबारी शिकताना मी तो गंधार हमखास दाबायचो. आमच्या बाई माझा हात धरायच्या आणि म्हणायच्या, "ऐक, गळा तिथे नाहीये." तीन वर्षं ऐकलेलं ते वाक्य त्या चिंचेखाली कळलं. मींड नसलेल्या वाद्याने मींडेला वाट करून दिली होती. आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन यांच्या पेटीच्या साथीला लोक का मान देत, हे मला त्यानंतर जास्त उमगलं.

नव्या गाण्यांबद्दल थोडंच लिहितो. १९११ साली 'मानापमान' हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा त्याच्या चाली नव्याच होत्या, आणि त्या देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादक होते. २०२५ च्या जानेवारीत त्यावरचा चित्रपट आला, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. मी पहिल्याच आठवड्यात गेलो आणि घरी येऊन जुनी पदं, नवी गाणी आळीपाळीने वाजवून पाहिली. माझ्या हाताला जुनीच जास्त बसतात. पण माझ्या भाचीने मूळ पदं ऐकायला मागितली ती हा चित्रपट पाहून आल्यावर, आणि तेवढ्यासाठी तरी मी नवं आलेलं ऐकत राहणार.

मोठ्या कार्यक्रमांत आवाज फार मोठा ठेवतात, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के बरोबर. मागच्या महिन्यात एका सभागृहात तबल्याचा डग्गा छातीत आदळत होता आणि पेटी कुठे आहे तेच कळत नव्हतं. त्यावर मी लिहायला हवं होतं. पुढच्या लेखात लिहीन.

आणि उरुसाला याच. मी मंचाच्या डाव्या अंगाला बसतो, पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत. तिथून पेटीवाल्याची बोटं दिसतात.