खुलासा : पहिले तेरा जिंकले म्हणजे करंडक खिशात?

मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगचा, हंगाम सुरू झाला की दरवर्षी एक दावा फिरू लागतो : सुरुवातीचे सामने सलग जिंकणारा संघच शेवटी विजेता होतो. आपला संघ हरत असेल तर ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो. दावा चुकीचा आहे.

2023 मध्ये टँपा बे रेज संघाने पहिले 13 सामने ओळीने जिंकले. हंगामाअखेर 99 विजय, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत टेक्सास रेंजर्सकडून दोन्ही सामने हरून घरी. करंडक त्या वर्षी रेंजर्सनीच नेला. 1987 च्या मिलवॉकी ब्रुअर्सची सुरुवातही हुबेहूब अशीच, 13-0 (13 विजय, पराभव शून्य). ते तर प्लेऑफपर्यंतही पोचले नाहीत.

उलट वॉशिंग्टन नॅशनल्स 2019 च्या मे महिन्यात 19-31 वर होते. व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक) डेव्ह मार्टिनेझना काढा, असा गलका झाला होता. (चाहते संघापेक्षा लवकर खचतात, ही जुनी खोड.) उरलेल्या 112 सामन्यांपैकी त्यांनी 74 जिंकले आणि ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे करंडकाची अंतिम मालिका, जिंकली.

दाव्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. 1984 चे डेट्रॉईट टायगर्स 35-5 ने सुटले आणि विजेतेही झाले. पण ते पहिले 40 सामने होते. हंगाम 162 सामन्यांचा. त्यातले 13 म्हणजे जेमतेम आठ टक्के, आणि तेवढ्यात एखाद-दुसऱ्या गोलंदाजाची लय किंवा सोपे प्रतिस्पर्धीही तक्ता फिरवू शकतात.