मॉलचं भडंग

कोल्हापुरात माणूस काय खातो यापेक्षा ते कुठून आणतो, याला जास्त वजन. गूळ ओळखीच्या अडत्याकडूनच, त्याला २०१४ साली जीआय मानांकन मिळालं तेही जणू आमच्या शिफारशीनं. चटणीची मिरची ब्याडगी आणि संकेश्वरी, देठं खुडून, गच्चीवर वाळवून, डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणायची. आणि अशा गावात मी गेली दोन वर्षं मॉलच्या स्वतःच्या नावाचा माल खातोय. चोरून.

सुरुवात तूरडाळीनं झाली. मग पोहे, रवा, बिस्किटं, आणि एके दिवशी हात शेव-चिवड्याच्या रॅककडं गेला. या पाकिटांना रूप नसतं. दोन रंग, मोठं नाव, संपलं. कुणी नट त्यावर दात काढून हसत नाही, त्यामुळं त्याच्या हसण्याचे पैसे आपल्या बिलात येत नाहीत. माल कुठल्यातरी कारखान्यात बनतो, नाव तेवढं दुकानाचं. घरी आणलं की मी लगेच स्टीलच्या डब्यात ओततो आणि पाकीट बारीक घडी करून ओल्या कचऱ्याच्या तळाशी. (सुका कचरा आहे, माहीत आहे. पण सुका कचरा शेजाऱ्यांना दिसतो.)

बिलाच्या खाली छापलेलं असतं, ‘आज तुम्ही ४१२ रुपये वाचवले.’ मी ते घरी मोठ्यानं वाचून दाखवतो. बायको म्हणते, “मग द्या की ते ४१२.”

तर, भडंग. ते मात्र मी ठरवून टाळलं होतं. आमची आत्ती दिली जयसिंगपूरला, आणि जयसिंगपूरच्या माणसासमोर भडंगाचा विषय काढणं म्हणजे पैलवानासमोर दंड फुगवणं. पण बारीक पिशवी, २०० ग्रॅम, स्वस्त. घेतलं. वाईट म्हणजे आवडलं. चिरमुरे कुरकुरीत, लसूण तळून करकरीत, शेंगदाणे खवट नाहीत, आणि तिखट असं की दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागतं. वरून कांदा चिरून लिंबू पिळलं की डबा रात्रीत संपायचा.

गेल्या महिन्यात आत्ती डोळे दाखवायला कोल्हापूरला आली. थेट दवाखान्यातून, त्यामुळं पहिल्यांदाच येताना भडंग नाही. मी आंघोळीला गेलो आणि तिनं कपाट उघडलं. बाहेर आलो तर डब्यात ओतायचं राहून गेलेलं, न फोडलेलं पाकीट तिच्या मांडीवर.

“हे काय रं? मॉलातलं? आमी मेलोय काय?”

मी म्हटलं, पाहुण्यांनी ठेवलं. कोण पाहुणे, विचारलं. मला एकही पाहुणा आठवेना.

तिनं फोडलं. एक मूठ खाल्ली. चावताना डोळे मिटले, म्हणजे निकाल राखून ठेवला. “तिखट बरं हाय. पण आमच्यासारखी चव न्हाई.” दुसरी मूठ. “लसूण जरा जास्तच.” तिसरी मूठ काहीच न बोलता. मग पाकीट उलटं करून चष्म्यासमोर धरलं. तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत वजन, १४ आकडी परवाना नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता असतो. मी दोन वर्षांत तो कधी वाचला नव्हता. आत्तीनं डोळ्यांत औषध घातलेलं असूनही वाचला.

जयसिंगपूर.

घरात जरा शांतता झाली. “तरीच,” आत्ती म्हणाली, “पैल्या घासालाच म्हटलं, हे आपल्याकडचं.”

पैल्या घासाला ती काय म्हणाली होती हे मी काढलं नाही. घरात लहानमोठं काही असतं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला निघालो तर म्हणाली, गाडी मॉलवरनं घे. चार पाकिटं घेतली. मी म्हटलं, आत्ती, हे तुमच्याच गावचं, तिथनंच घ्या की.

“तिथं ह्या भावात कोण देतंय!” आत्ती म्हणाली, आणि पाकिटं पिशवीत औषधांच्या खाली घातली. “आणि हे बघ, मामांना सांगू नको, कुठलं ते.”