कुठली मुशी? शार्कबद्दलच्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘शार्कबद्दल थक्क करणारी सत्ये’ अशा मथळ्याचा मजकूर वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे ठरलेले. शार्कला मैलभरावरून रक्ताचा एक थेंब कळतो. पोहणं थांबलं की तो मरतो. त्याला कॅन्सर होत नाही. चाळीस कोटी वर्षांत तो बदललेला नाही. तो कातडीतून लघवी करतो म्हणून मोरीला, म्हणजे बाजारात खायला मिळणाऱ्या लहान शार्कला, वास येतो. आपल्याकडच्या मुशा (शार्कचं आपलं मराठी नाव मुशी) माणसाला काही करत नाहीत. आणि मारियाना गर्तेत, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल जागी, मेगालोडन हा फार पूर्वीचा राक्षसी शार्क अजून जिवंत आहे. सोबत फोटो मात्र एकच, जबडा वासलेल्या ग्रेट व्हाइट जातीच्या शार्कचा, मग मुद्दा कुठलाही असो.

खोट त्या फोटोपासूनच सुरू होते. शार्कच्या ५०० हून अधिक जाती आहेत. कोलंबिया-व्हेनेझुएलाजवळच्या खोल पाण्यातला बुटका कंदील शार्क जेमतेम वीतभर, २० सेंटीमीटरचा. व्हेल शार्क १८ मीटरपर्यंत, म्हणजे एसटीच्या दीड गाड्या. ‘शार्क अमुक करतो’ हे वाक्य ‘पक्षी अमुक करतो’ इतकंच पोकळ आहे. घुबड, कोंबडी की शहामृग, ते आधी सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक मुद्द्याला आमचा पहिला प्रश्न एकच: कुठली मुशी?

‘मैलभरावरून रक्ताचा थेंब कळतो’

हिशेब मांडून बघू. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. लेमन शार्कला अडीच कोटी भाग पाण्यात एक भाग ट्यूनाचं तेल असलं तरी कळतं. म्हणजे एक थेंब सुमारे १,२५० लिटर पाण्यात. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीहून थोडं जास्त. काही जातींचं नाक याहून तिखट आहे. त्यांच्यासाठी एक हजार कोटी भागांत एक भाग ही टोकाची मर्यादा सांगतात. ती धरली तरी थेंबामागे ५ लाख लिटर पाणी होतं. ऑलिम्पिक तलावात २५ लाख लिटर मावतं, त्याचा हा पाचवा हिस्सा. मैलभर समुद्र कुठे आणि हे कुठे!

दुसरी गोष्ट, वास उडत येत नाही, पाण्याबरोबर वाहत येतो. सेकंदाला अर्धा मीटर वेगाच्या प्रवाहात मैलभर यायला त्याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो, तोही फक्त प्रवाहाच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला शंभर मीटरवर असलेल्या शार्कला काहीच कळणार नाही. शिवाय २०१० साली पाच जातींच्या शार्क-पाकटांचं (पाकट म्हणजे शार्कच्या नात्यातले चपटे मासे) नाक तपासलं, तेव्हा अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, ओळखण्याची त्यांची मर्यादा साध्या काटेवाल्या माशांइतकीच निघाली. खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं करायला हवं. त्याच वर्षी डॉगफिश जातीच्या एका लहान शार्कवर झालेल्या प्रयोगात दिसलं, की वास कुठल्या नाकपुडीत आधी पोचला यातला सेकंदाच्या काही दशांशांचा फरक ओळखून तो त्या बाजूला वळतो. अगदी जवळ आल्यावर तर नाकापेक्षा थोबाडावरची बारीक भोकं कामाला येतात. त्यांच्या तळाशी असलेल्या जेलीभरल्या नळ्यांना भक्ष्याच्या स्नायूंतली वीज जाणवते.

‘पोहणं थांबलं की मरतो’

ग्रेट व्हाइट, मेको, हातोडी शार्क, व्हेल शार्क यांच्याबाबत हे बरंचसं खरं. ते तोंड उघडं ठेवून पुढे सरकत राहतात आणि पाणी आपोआप कल्ल्यांवरून जातं. नर्स शार्क, वॉबेगाँग, बांबू शार्क मात्र गालफडांनी पाणी आत ओढून कल्ल्यांवरून ढकलतात आणि तासन् तास तळाशी पडून राहतात. तळावर राहणाऱ्या अनेक जातींना डोळ्यामागे एक भोक असतं. तोंड वाळूत असलं तरी त्यातून स्वच्छ पाणी आत घेता येतं. पांढऱ्या टोकाचा रीफ शार्क दिवसा गुहेत एकमेकांवर रचून ठेवल्यासारखा पडलेला असतो. ग्रेट बॅरिअर रीफवरचा एपॉलेट शार्क तर ओहोटीच्या डबक्यात प्राणवायू जवळपास संपला तरी तग धरतो आणि परांवर चालत दुसऱ्या डबक्यात जातो.

हा भेद नुसता माहितीपुरता नाही, जाळं टाकणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो. व्हेल शार्क जाळ्यात अडकला की तो थांबतो, आणि थांबला की गुदमरायला लागतो. म्हणून तो पाण्यात असतानाच जाळं कापायचं. बोटीवर ओढायचा नाही आणि शेपटीला दोर बांधून उलटा तर मुळीच न्यायचा नाही, कारण मग कल्ल्यांवरून पाणी उलटं फिरतं. २००१ पासून या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. जाळं कापून संरक्षित जीव सोडला आणि त्याचे फोटो किंवा व्हिडिओ दिले, तर महाराष्ट्रात २०१८ पासून जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत.

‘शार्कला कॅन्सर होत नाही’

या यादीतला सर्वांत घातक मुद्दा हाच, कारण यावर पैसे उकळले जातात. याचं मूळ खऱ्या संशोधनात आहे. गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. कूर्चेत, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यात असतो तसल्या लवचीक सांगाड्यात, रक्तवाहिन्या नसतात. मग कूर्चेत त्या रोखणारं काही आहे का, असा विचार पुढे आला, आणि १९८३ साली शार्कच्या कूर्चेतल्या अर्काने प्रयोगशाळेत अशी वाढ रोखल्याचं दाखवलं गेलं. शार्कचा अख्खा सांगाडा कूर्चेचा, म्हणून माल भरपूर. इथवर सगळं ठीक होतं. पुढे १९९२ साली अमेरिकेत शार्कला कॅन्सर होतच नाही असं शीर्षकातच सांगणारं पुस्तक आलं आणि कॅप्सूलचा धंदा फोफावला.

शार्कला कॅन्सर होतो. २००४ साली अमेरिकी संशोधकांनी जुन्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या माशांमधल्या ४२ गाठी मोजता आल्या, त्यांत घातक गाठीही होत्या. २०१३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात एका ग्रेट व्हाइटच्या जबड्यावर मोठी गाठ दिसल्याची नोंद झाली. आकडा लहान वाटतो, पण आजारी शार्क कोणी दवाखान्यात आणत नाही. तो समुद्रातच मरतो आणि दुसऱ्याचं पोट भरतो.

समजा शार्कला कॅन्सर झाला नसता, तरी कॅप्सूलचा उपयोग होता का? कूर्चेतले मोठे रेणू पोटात पचून जातात, अंड्यातल्या प्रथिनासारखे. रक्तात ते तसेच्या तसे पोचत नाहीत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३७९ रुग्णांवर शार्कच्या कूर्चेपासून केलेल्या औषधाची रीतसर चाचणी झाली. तिचा निकाल २०१० साली आला: आयुष्य वाढलं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २००० सालीच अशा जाहिरातींवर कारवाई केली होती. कोणी नातेवाइकासाठी ही कॅप्सूल मागवत असेल तर फॉरवर्डबद्दल नव्हे, चालू उपचार थांबवले आहेत का याबद्दल आधी विचारा.

‘चाळीस कोटी वर्षांत बदल नाही’

घराणं जुनं आहे, झाडांपेक्षाही. पण घराणं जुनं म्हणून नातू खापरपणजोबासारखा दिसत नाही. क्लॅडोसेलाकी या जुन्या शार्कचं तोंड थुतराच्या टोकाला होतं. आजच्या बहुतेकांचं खाली असतं. स्टेथाकँथस या दुसऱ्या जुन्या शार्कच्या पाठीवर इस्त्रीच्या टेबलासारखा विचित्र भाग होता, तो पुढे कोणाला उरला नाही. हातोडी शार्क तर डायनोसॉर संपल्यानंतरचे. त्यांच्यातल्याच बॉनेटहेड या छोट्या भाईबंदाने मांसाहारी घराण्यात राहून समुद्री गवत पचवण्याची सोय केली आहे. २०१८ सालच्या प्रयोगात ९० टक्के गवत आणि १० टक्के माकूळ अशा जेवणावर ठेवलेल्या बॉनेटहेडचं वजन वाढलं.

‘कातडीतून लघवी करतो, म्हणून मोरीला वास येतो’

इथे थोडं थांबू, कारण हा मुद्दा आपल्या स्वयंपाकघरातला आहे. शार्क कातडीतून लघवी करत नाही. त्याला मूत्रपिंडं आहेत आणि लघवी मागच्या समाईक द्वारातून बाहेर पडते. वासाचं कारण उलट आहे: तो युरिया बाहेर टाकत नाही, राखून ठेवतो.

समुद्राचं पाणी शरीरातल्या रसांहून खारट, त्यामुळे अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. सुरमई-पापलेट यावर उपाय म्हणून खारं पाणी पितात आणि मीठ बाहेर टाकत बसतात. मुशी रक्तात आणि मांसात युरिया साठवते, सुमारे २ टक्के, आणि बाहेरच्या पाण्याशी बरोबरी साधते. एवढा युरिया प्रथिनांना बाधतो, म्हणून त्याला उतारा ठरणारं आणखी एक रसायनही ती अंगात बाळगते. बुल शार्क नदीत शिरतो तेव्हा हाच युरिया कमी करतो आणि भरपूर पातळ लघवी करतो. तेवढं सोडलं तर या विषयात लघवीचं काम नाही.

युरियाला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि तो नाकात जातो. यावरून मोरी घ्यायची आणि करायची रीत आपोआप ठरते. बाजारात कल्ल्यांजवळ आणि पोटाच्या चिरेत वास घ्या. तिथे डोळ्यांना झोंबलं तर परत ठेवा; घरी नेऊन काही सुधारणार नाही. आणल्याबरोबर आतडी काढून, रक्त धुऊन बर्फावर किंवा फ्रीजमध्ये टाका. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून ओट्यावर ठेवलेली मोरीच वास मारते. खरखरीत कातडी काढायला उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सुरीने खरवडा. जास्त वेळ ठेवली तर मांसही शिजून सुटतं. मग तुकडे करून गार पाण्यात दोनदा धुवा, मीठ-हळद चोळा आणि अर्धा तास कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात ठेवा. आंबटाने अमोनियाचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही, म्हणून वास मरतो. युरिया मात्र जागच्या जागी राहतो, त्यामुळे शिळ्या मोरीवर कितीही कोकम ओता, फारसा फरक पडत नाही. आलं-लसूण वास झाकतं, काढत नाही.

याच फॉरवर्डच्या काही आवृत्त्यांत ‘बाळंतिणीला दूध येण्यासाठी रोज मोरी द्या’ असंही असतं. शार्कच्या मांसात पारा साठतो, मोठ्या आणि म्हाताऱ्या माशात जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांत शार्कचं नाव घातलं आहे. रोज तर नकोच.

‘आपल्याकडच्या मुशा निरुपद्रवी’

बहुतेक आहेतच. जगभरात २०२४ साली माणसाने न डिवचता झालेले शार्कचे चावे ४७ नोंदले गेले, त्यांत मृत्यू ४. गंभीर चाव्यांत तीन नावं पुन्हा पुन्हा येतात: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. यातला बुल शार्क खाडीतून नदीत चढतो आणि तो आपल्याकडे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कने एका मच्छीमाराच्या पायाचा लचका तोडला, तो बुल शार्क असल्याचं सांगितलं गेलं. अशा घटनांचं खापर बऱ्याचदा गंगा शार्कवर फुटतं. तो बिचारा इतका दुर्मीळ, की फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर २६६ सेंटीमीटरची एक मादी दिसली, तेव्हा तिच्यावर स्वतंत्र शोधनिबंध निघाला.

‘मेगालोडन जिवंत आहे’

नाही. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी तो संपला. अफवेचा उगम मजेदार आहे. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७० च्या दशकात समुद्रतळावरून त्याचे दात वर काढले. १९५९ साली त्यांच्यावरचा मँगनीजचा थर मोजून ते जेमतेम ११ ते २४ हजार वर्षांचे असल्याचं मांडलं गेलं. मँगनीज एकाच ठरावीक वेगाने चढत नाही, म्हणून तो हिशेबच लटका. आणि उथळ, उबदार पाण्यात देवमासे खाणाऱ्या प्राण्याला मारियानाच्या १ ते ४ अंश थंडीत खायला काय मिळणार?

राहिला फोटो. ग्रेट व्हाइट आवडता असायला हरकत नाही. कोणाला हातोडी आवडते, कोणाला ४०० वर्षांच्या आसपास जगू शकणारा, ताशी जेमतेम सव्वा किलोमीटरने सरकणारा ग्रीनलँड शार्क. आमचं मत मुंबईच्या बाजारात मोरी म्हणून विकल्या जाणाऱ्या, चपट्या फावड्यासारख्या थुतराच्या स्कोलिओडॉनला. पाऊण मीटरही न होणारा. त्याचं अंडं मिलिमीटरभर, जवळजवळ बलकाशिवाय, शार्कांतल्या सर्वांत लहान अंड्यांपैकी एक. बलक नाही म्हणून पिल्लं फार लवकर नाळेने आईला जोडली जातात, आणि पाच-सहा महिन्यांनी ती १२ ते १५ सेंटीमीटर लांबीची जन्मतात. पाटीत याच्याच शेजारी हातोडीची आणि काळ्या टोकाच्या मोठ्या मुशीची पिल्लंही मोरी म्हणून पडलेली असतात. उलटी करून छातीच्या दोन परांमध्ये बघा. तिथे नाळेची ओली, उघडी खूण असेल तर ते नुकतंच जन्मलेलं पिल्लू आहे. खूण बुजून नुसती रेघ उरली असेल आणि थुतर फावड्यासारखं असेल, तर तो हा.