तज्ज्ञांचे मतभेद लोकांना दिसू द्या

ठाण्याच्या वहिनी फोनवर हमखास विचारायच्या, "कांजिण्यांची लस दिलीस का गं पोरीला?" तिकडे बालरोगतज्ज्ञ ती सुचवतात आणि ऐपत असलेले आईवडील पैसे मोजून देतात, सरकारी लसीकरणात ती नाही. इथे ब्रिटनमधल्या लेस्टरला सरकारी आरोग्यसेवा ती सरसकट कुणालाच देत नव्हती. नर्सरीच्या दारावर 'वर्गात कांजिण्या आल्या आहेत' अशी चिठ्ठी लागली की घरोघरी खाज शमवणाऱ्या कॅलामाइनची बाटली बाहेर निघायची.

वहिनींना हा निव्वळ निष्काळजीपणा वाटायचा, पण त्यामागे विचार होता. ब्रिटनमध्ये लसींबाबत सरकारला सल्ला देणारी जेसीव्हीआय ही तज्ज्ञ समिती 1963 पासून आहे. मुलांमधल्या कांजिण्या हटल्या तर मोठ्यांचा त्या विषाणूशी अधूनमधून येणारा संबंध तुटेल, त्यांची प्रतिकारशक्ती ओसरेल आणि त्याच विषाणूमुळे होणारी नागीण बळावेल, अशी तिला धास्ती होती. अमेरिकेतल्या दीर्घ अनुभवातून ती खरी ठरली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये समितीने मत बदललं आणि जानेवारी 2026 पासून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीतच कांजिण्यांची लस मिळू लागली. आधी नकार का होता आणि आता होकार का, दोन्ही मला वाचता आलं.

घरच्या वादात मात्र दोनच बाजू ऐकू येतात. सरकारने लस दिली नाही तर सरकार कंजूष, दिली तर कंपन्यांचा दबाव. आपल्याकडेही 2001 पासून एनटागी हा राष्ट्रीय तज्ज्ञ गट आहे. वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मणाऱ्या देशात जुलाब घडवणारा रोटाव्हायरस आणि न्यूमोनिया यांच्या लसींना सरकारी लसीकरणात कांजिण्यांच्या आधी जागा मिळाली, हे मला पूर्ण पटतं. त्या आजारांनी तान्ही मुलं दगावतात. पण हा हिशोब लोकांना समजावून कोण सांगतं?

मे 2021 मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवड्यांवर नेलं, तेव्हा तज्ज्ञांचा तसा सल्ला आहे असं सरकारने सांगितलं. महिनाभरातच साथरोगतज्ज्ञ डॉ. एम. डी. गुप्ते यांच्यासह गटातले काही सदस्य रॉयटर्स वृत्तसंस्थेकडे म्हणाले की त्यांची संमती 8 ते 12 आठवड्यांनाच होती. सरकारने मतभेद झाल्याचंच नाकारलं. अंतर वाढवण्यात गैर नव्हतं, ब्रिटननेही ते 12 आठवड्यांपर्यंत ताणलं होतं. पण रांगेत ताटकळणाऱ्या माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा?

त्याच सप्टेंबरात इथे जेसीव्हीआयने 12 ते 15 वयाच्या निरोगी मुलांना सरसकट कोविड लस सुचवायला नकार दिला. शाळा बुडण्याचा मुद्दा धरून ब्रिटनच्या चारही घटक देशांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वेगळा सल्ला दिला, सरकारने तो मानला. कोण काय म्हणालं, कशासाठी म्हणालं, सगळं उघड होतं. आईबाप म्हणून आम्ही चिडलो, भांडलो, पण अंधारात नव्हतो.

एनटागीतल्या माणसांच्या विद्वत्तेबद्दल मला शंका नाही. म्हणूनच मागणी आहे: बैठकीचं इतिवृत्त काही आठवड्यांत, असहमतीच्या नोंदीसह आणि मराठीतही प्रसिद्ध करा. सरकारने सल्ला डावलला तर कारणासह लेखी सांगावं. तो सरकारचा अधिकारच आहे, फक्त आपला निर्णय तज्ज्ञांच्या नावावर खपवू नये.