पेव उघडलं, तर आत आणखी एक पेव

डोकं फिरलंय. रात्रीचा पाऊण वाजलाय, घरातले सगळे झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. बाहेरच्या खोलीत मेव्हणा घोरतोय. असला भाग बघून या माणसाला झोप लागते, हाच मला अपमान वाटतो.

'लॉस्ट', विमान पडून बेटावर अडकलेल्या माणसांची अमेरिकन मालिका. तिचा सहावा सीझन, पंधरावा भाग, 'अक्रॉस द सी'. अमेरिकेत हा 11 मे 2010 ला लागला, म्हणजे तिकडची माणसं यावरून भांडून कधीच मोकळी झाली. आम्ही सुरू केलं मागच्या जूनमध्ये. सांगलीत गावभागातल्या आमच्या घरी दर शनिवारी जेवणं उरकली की मी, बायको, इस्लामपुराहून येणारा मेव्हणा आणि इंजिनिअरिंगला असलेली माझी भाची. मध्ये भडंगाची परात. एका बैठकीत चार भाग. गणपती गेले, दिवाळी गेली, यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले, आम्ही आपले बेटावरच.

मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. हिशेब ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात दुकानातली एक जुनी कोरी खतावणी घरी आणली. मालिकेनं प्रश्न टाकला की तो मालिकेच्या नावे, उत्तर दिलं की जमा. साधा व्यवहार. विमान पडलं, बेटावर पांढरं अस्वल आलं: नावे. झाडं मोडत हिंडणारा काळा धूर: नावे. 4, 8, 15, 16, 23, 42 हे आकडे जिथं तिथं का दिसतात: नावे. हेच आकडे दर 108 मिनिटांनी यंत्रात भरत बसायचे, आणि सगळ्यांची बेरीजही 108 च, का: नावे. बेटावर दिवस गेलेल्या बाया मरतात का: नावे. पहिल्या सीझनच्या शेवटी ज्या पोराला एवढ्या गाजावाजानं पळवून नेलं, त्याच्या अंगात नेमकं काय होतं: नावे, नावे, नावे. पाचव्या सीझनपर्यंत नावेची बाजू तीन पानं आणि जमेला ओळी अकरा. अस्वलाचे तरी थोडेफार पैसे वसूल झाले. बाकी सगळी येणी.

तरी मी गप्प होतो. उधारी चालते. गिऱ्हाईक जुनं असलं की हंगाम संपेपर्यंत आपण तोंड उघडत नाही.

पण आज तीनच भाग उरलेत! हंगाम संपला, पोती उचलली, आणि हा गडी येऊन काय सांगतो? "पैशाचं सोडा, मी तुम्हाला आमच्या पणज्याची गोष्ट सांगतो."

गेल्या शनिवारी काय झालं होतं ते आधी ऐका. चौदाव्या भागात पाणबुडी बुडते. विमानातल्यांपैकी सईद बॉम्ब छातीशी धरून पळतो आणि मरतो. सन नावाची बाई लोखंडाखाली अडकते, तिच्या नवऱ्याला, जिनला, बाहेर पडता येत असतं, तरी तो तिचा हात सोडत नाही, दोघं मरतात. बायकोनं पदर डोळ्याला लावला. मला भडंग गिळवेना. आठवडाभर तेच डोक्यात होतं. आज ताटं पटापट उचलून बसलो, म्हटलं आता मागे राहिलेल्यांचं काय होतं बघू. आणि पडद्यावर कोण? लॅटिन बोलणारी एक गरोदर बाई समुद्रातून वाहत येते. दोनेक हजार वर्षांपूर्वीची. दोन मिनिटं लॅटिन झालं आणि मग तिचं तिलाच इंग्रजी यायला लागलं. भाची जोरात हसली. तिथंच मला कळायला हवं होतं.

पुढचा अख्खा भाग विमानातलं एक माणूस नाही. ती बाई बाळंत होते, जुळे होतात, दुसरी एक बाई दगड घालून तिला मारते आणि पोरं स्वतः वाढवते. काम त्या बाईनं छान केलंय, ॲलिसन जॅनी, त्यात वाद नाही. पण तिला बोलायला काय दिलंय! पोरांना एका गुहेपाशी नेते, आतून सोनेरी उजेड येतोय, म्हणते हा जपायचा. का? तर असाच थोडासा उजेड प्रत्येक माणसात असतो. कसला? त्याचं काही नाही. सहा सीझन आम्ही ज्या बेटाचं गुपित शोधतोय, ते एक उजेडाचं भोक. आत बल्ब कुणी लावलाय ते विचारायचं नाही.

आमच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेली, वर्षानुवर्षं हळद टिकायची त्यांत. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायचे, कंदील खाली सोडून बघायचे. हा सगळा सोपस्कार आम्ही लहानपणी तासन् तास बघत बसायचो, कंटाळा यायचा नाही, कारण शेवटी आतून हळद निघायचीच. या लोकांनी पहिला सीझन अस्साच संपवला होता. जमिनीतलं झाकण सुरुंगानं उडवलं, दोघं वाकून आत बघतात, खाली खोल अंधार, संपलं. मी टाळ्या वाजवल्या होत्या! म्हटलं हे आपल्यातले आहेत, यांना पेव उघडायचं कळतं. आता कळलं, यांना फक्त झाकण उडवता येतं.

आणि ते सांगाडे. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात गुहेत दोन सांगाडे सापडतात, जवळ एक काळा आणि एक पांढरा खडा. जॅक, जो शिकलासवरलेला सर्जन आहे, कपड्यांकडे बघून सांगतो की चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. मी लिहून ठेवलंय, पान 2, ओळ 7. आज आमच्या तोंडावर उत्तर फेकलं: ते सांगाडे या बाईचे आणि तिच्या एका पोराचे. दोन हजार वर्षांचे! वर आम्ही विसरलो असू म्हणून पहिल्या सीझनचा तो तुकडा परत लावून दाखवला. म्हणजे ज्या एका प्रश्नाची आठवण कुणालाही नव्हती, तो जमा केला आणि तोही खोट्या तारखेनं. मी खतावणी पुढं केली तर मेव्हणा म्हणतो, "दाजी, जॅक सर्जन आहे, हाडं तपासणारा नाही." बरं, मग त्याच्याकडून वय वदवलंत कशाला?

मेव्हणा कॉलेजात शिकवतो. त्यामुळं कुठल्याही फसवणुकीला त्याच्याकडं एक मोठा शब्द तयार असतो. आज त्यानं एकामागून एक काढले. 'मिथक' झालं. 'रूपक' झालं. मग म्हणाला, "ही कोड्यांची गोष्टच नाही, माणसांची आहे."

"माणसांची? मग त्या माणसांपैकी एक तरी आज दिसलं का रे? जुना तुकडा सोडून?"

यावर त्यानं पाणी प्यायलं.

आकड्यांचा अर्थ म्हणे सांगितलेला आहे. कुठं? 2006 साली त्यांनी इंटरनेटवर एक खेळ काढला होता, त्यात एक समीकरण आहे. आणि पळवलेल्या पोराचं काय झालं ते मालिका संपल्यावर डीव्हीडीत बारा मिनिटांचा तुकडा घातलाय, त्यात. अरे, ही कुठली पद्धत! तांदूळ इथं घ्यायचा आणि कोंडा काढायला मिरजेला जायचं? मी म्हटलं, उद्या सांगशील धुराचं उत्तर बिस्किटाच्या पुड्यात आहे. भाची म्हणाली, "मामा, हळू, शेजारचे उठतील." उठू देत. त्यांनाही कळू दे.

मग तो संपावर घसरला. 2007-08 ला लेखकांचा संप झाला, चौथा सीझन छाटावा लागला, वगैरे. संप झाला हे खरं. पण मे 2007 मध्येच यांनी जाहीर केलं होतं की आणखी 48 भाग करू आणि 2010 ला संपवू. टीव्हीवर अशी सवलत कुणाला मिळते? आपल्याकडे मालिकेला टीआरपी असेपर्यंत ताणतात आणि पडला की चार दिवसांत सासूला सद्बुद्धी देऊन गुंडाळतात. तिथं निदान कारण तरी कळतं. यांना तीन वर्षं आधी मुदत ठाऊक होती! तीन वर्षांत आमचा शेठ बुडालेलं येणंही वसूल करतो. आणि सगळं ज्याच्या इशाऱ्यावर चाललंय तो जेकब, आजच्या जुळ्यांतला एक, पडद्यावर पहिल्यांदा येतो पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हापासून आम्हाला माहीत आहे की सूत्रधार आधी येतो. नांदी झाली, सूत्रधार आला, मग सोंगं. इथं सोंगं घामाघूम होऊन निम्मी मेली आणि मग सूत्रधार येऊन म्हणतो, नमस्कार.

आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. सांगलीकराला हे पाढ्यासारखं पाठ असतं. सांगाड्यापर्यंत मी 43 वर होतो. पण एक वाक्य आहे, भागाच्या सुरुवातीलाच, त्या बाईच्या तोंडी. बाळंतीण तिला काहीबाही विचारत असते आणि ही तिला सांगते की मी दिलेल्या प्रत्येक उत्तरातून आणखी एक प्रश्नच निघेल. ऐकलं तेव्हा मी सोडून दिलं होतं. भाग संपल्यावर मेव्हणा डोळे मिटून, समाधी लागल्यासारखा म्हणाला, "दाजी, ती बाई नाही बोलत. लेखक बोलतोय. आपल्याशी."

पाणी गावात शिरलं.

आपल्याशी बोलतोय ना? मग 2004 ला बोलायचं होतं! पहिल्या भागाआधी पाटी लावायची होती, "आमच्याकडं उत्तरं नाहीत, फक्त प्रश्न मिळतील." मी बघितलंच नसतं. शनिवारी रात्री साडेनऊला झोपलो असतो, माणसात राहिलो असतो. बायको म्हणाली, "तुम्ही बघितलं असतंच." ती माझ्या बाजूनं आहे की त्याच्या, हे लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही माझ्या खतावणीत नावेच आहे.

खरी पंचाईत वेगळीच आहे. दर सोमवारी यार्डात चहाच्या वेळी मी हमालांना गोष्ट सांगतो. सहासात जण जमतात. धूर म्हणजे काय, याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओढ. परवा त्यांना मी काय सांगू? सांगून बघतो मनातल्या मनात. दोन भाऊ होते. एकानं दुसऱ्याला उजेडाच्या गुहेत ढकललं, तर तो धूर झाला.

"का झाला?"

ते सांगितलं नाही.

"मग दुसरा का न्हाई झाला?"

तो आत गेला नाही.

"बरं, धूर झाला त्याचं नाव काय?"

नाव नाही. आईनं एकच नाव योजलं होतं, दुसऱ्याचं बारसं झालंच नाही. पुढं तीस वर्षं दुसऱ्या माणसांत राहिला, त्यांनीही काय म्हणून हाक मारली देव जाणे. "ए" म्हणत असतील. आणि ती माणसं? त्यांची वस्ती त्या एकट्या बाईनं एका रात्रीत जाळली, सगळे मारले, वर खोल विहीरही बुजवली.

"एकटीनं?"

एकटीनं.

"मर्दा, इथं एक पोतं उचलायला दोघं लागत्यात."

याला मेव्हण्याच्या कॉलेजात काय शब्द आहे ते उद्या सकाळी विचारणार आहे.

आताच पाणी प्यायला उठलो तर खतावणी फ्रिजवर दिसली. मी रागानं दिवाणावर फेकली होती, बायकोनं झोपायच्या आधी उचलून ठेवलेली. उघडली. 'आकडे कुठून आले?' या ओळीखाली मी उत्तरासाठी अर्धं पान सोडलं होतं. तिथं तिच्या अक्षरात:

दूध दीड लिटर. गुरुवारी खाडा.