डाऊन आहे ना, मग होणारच!

इंदूरात गीताभवनपासून विजयनगरपर्यंत कुठल्याही डॉक्टरकडे जा, फाइल उघडायच्या आधीच तीच टेप, 'डाऊन सिंड्रोम आहे ना, मग होणारच'. अहो पण माझी पोरगी रात्री उठून बसून झोपते, घोरता घोरता मधेच श्वास अडकतो, दिवसभर पेंगते, ह्याचं काही कारण शोधाल की नाही? अशा मुलांत स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), थायरॉइडचा त्रास जास्त दिसतात म्हणूनच तर 4 वर्षांच्या आत स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास तपासणं), दरवर्षी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला सांगतात ना! मी टीएसएच म्हटलं की 'गूगल करून आलात का मॅडम'. मोबाइलवरचा तिच्या झोपेचा व्हिडिओ बघायचा नाही, वर सासूबाईंना 'माँजी, ऐसे बच्चे ऐसे ही होते हैं', आणि ह्याही माना डोलावतात, कमालच! निदान टॉन्सिल तरी बघा, तोंड उघडंच टाकून बसलीये ती तुमच्यासमोर.